दोन पानांची मोजदाद : एका प्रकल्पाच्या नोंदी

सोमवार, २५ नोव्हेंबर २०२४

अकरावी विज्ञानाच्या वर्गात निवडींच्या मोजणीचा पाठ आज पूर्ण झाला. तास संपता संपता शेवटच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पोकरमध्ये पहिल्या दोन पानांतच एक्क्याची जोडी आली तर डाव आपलाच, असं आमचा भाऊ म्हणतो. खरं आहे का?" वर्ग हसला, पण मला हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. एक्क्याची जोडी किती वेळा हाती येईल हा पहिला, आणि हाती आल्यावर ती किती वेळा जिंकेल हा दुसरा. पहिल्याचे उत्तर वहीत निघते, दुसऱ्याला संगणक लागतो, आणि पत्ते खेळणारी बहुतेक माणसे या दोहोंची सरमिसळ करतात, असे मी लातुरात आणि गावाकडे वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

या प्रश्नांवर प्रकल्प करायला सहा विद्यार्थी तयार झाले. पैसे लावायचे नाहीत, गुणही लावायचे नाहीत आणि कोणतेही अॅप उघडायचे नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून घेतले. खेळाचे नियम एवढेच सांगितले की टेक्सास होल्डम या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात, मग मध्यभागी आधी तीन, नंतर एक आणि शेवटी आणखी एक अशी पाच पाने सर्वांसाठी उघडली जातात, आणि आपली दोन व मधली पाच अशा सातांतून ज्याची पाच पाने सर्वांत वरचढ ठरतात तो डाव जिंकतो. आपल्याला अभ्यास करायचा आहे तो पहिल्या दोन पानांचा.

दोनच पाने घेण्यामागे आणखी एक विचार आहे. ५२ पानांतून पाच पाने निवडण्याचे मार्ग २५,९८,९६० आहेत आणि ही संख्या विद्यार्थ्यांना केवळ सूत्रावर विश्वास ठेवून मान्य करावी लागते. दोन पानांचे मार्ग मात्र त्यांना स्वतः बोटाने मोजता येतात.

गुरुवार, २८ नोव्हेंबर २०२४

प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर आज पूर्ण कॅट एका ओळीत मांडला. मुरूडहून रोज एसटीने येणाऱ्या विद्यार्थिनीने सूत्र न वापरता मोजायचे ठरवले. इस्पिकच्या एक्क्यावर बोट ठेवून ती म्हणाली की याला जोडीदार म्हणून ५१ पाने उरतात, दुसऱ्या पानाला, पहिले धरून झाल्यामुळे, ५० उरतात, तिसऱ्याला ४९, आणि शेवटून दुसऱ्याला एकच. ५१ पासून १ पर्यंतच्या सगळ्या संख्यांची बेरीज तिने फळ्यावर केली, ती १३२६ आली. मग दुसऱ्या विद्यार्थ्याने ५२ गुणिले ५१, भागिले २ असे करून तीच संख्या काढली. दोन वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, त्यासाठी अर्धा तास जास्त गेला तरी मला चालतो.

हे सूत्र परदेशातून आले असा मुलांचा समज होता. वरून उतरत्या संख्यांचा गुणाकार, खालून चढत्या संख्यांचा गुणाकार आणि पहिल्याला दुसऱ्याने भागणे, हा सर्वसाधारण नियम महावीराचार्यांनी इसवी सन ८५० च्या सुमारास 'गणितसारसंग्रहा'त दिला आहे. ते राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले, आणि राष्ट्रकूट स्वतःला लत्तलूरपुरवराधीश्वर म्हणवून घेत. हे लत्तलूर म्हणजे आजचे लातूर, असे इतिहासकार मानतात. आपल्या गावाचे नाव मिरवणाऱ्या घराण्याच्या आश्रयाखाली हा नियम लिहिला गेला, हे कळल्यावर मुलांनी तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला. मलाही ते योग्य वाटले.

मंगळवार, ३ डिसेंबर २०२४

आजचा दिवस प्रकल्पाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा ठरला, कारण आज चूक सापडली.

एका विद्यार्थ्याने घरून १३ उभ्या आणि १३ आडव्या घरांचा तक्ता आखून आणला होता. वरच्या ओळीत एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी असे दुर्रीपर्यंत आणि डाव्या स्तंभातही तसेच. कर्णावर १३ जोड्या, कर्णाच्या वर एकाच रंगाची, म्हणजे दोन्ही इस्पिक किंवा दोन्ही बदाम अशी, दोन पाने आणि खाली वेगवेगळ्या रंगांची. एकूण घरे १६९. खेळाच्या दृष्टीने सुरुवातीच्या हातांचे खरोखरच १६९ प्रकार होतात, कारण सुरुवातीला इस्पिकचा एक्का व इस्पिकचा राजा आणि बदामचा एक्का व बदामचा राजा यांत काहीच फरक नसतो. तक्ता सुबक होता. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की १६९ पैकी १३ घरे जोड्यांची, म्हणून कोणतीही जोडी येण्याची संभाव्यता १३ भागिले १६९, म्हणजे तेरातून एक.

मुरूडच्या विद्यार्थिनीचे उत्तर वेगळे होते. पहिले पान कोणतेही येवो, त्याच्याशी जुळणारी तीनच पाने उरलेल्या ५१ पानांत असतात, म्हणून ३ भागिले ५१, म्हणजे सतरातून एक. दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली आणि मी मुद्दाम काही बोललो नाही. पहिला विद्यार्थी म्हणाला, "घरं मोजली तर तेराच येतात." ती म्हणाली, "घरं सारखी नाहीत." पण ती सारखी का नाहीत हे तिला लगेच सांगता आले नाही.

कारण असे आहे. एक्क्याची जोडी हे एक घर. ते चार एक्क्यांतून दोन निवडून भरते, म्हणजे सहा मार्गांनी. एकाच रंगाचे एक्का-राजा हे दुसरे घर. रंग चारच असल्यामुळे ते चारच मार्गांनी भरते. भिन्न रंगांचे एक्का-राजा हे तिसरे घर. चार एक्के गुणिले उरलेल्या तीन रंगांचे राजे, म्हणजे ते बारा मार्गांनी भरते. तक्त्यात तिन्ही घरे सारख्या आकाराची दिसतात, पण पाने वाटणाऱ्याच्या हातून ती सहा, चार आणि बारा या प्रमाणात बाहेर पडतात. १३ जोड्या गुणिले ६ म्हणजे ७८, ७८ एकरंगी घरे गुणिले ४ म्हणजे ३१२, ७८ भिन्नरंगी घरे गुणिले १२ म्हणजे ९३६, आणि तिन्हींची बेरीज पुन्हा १३२६. प्रकार मोजणे निराळे आणि मार्ग मोजणे निराळे, हे वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिले आणि प्रकल्प संपेपर्यंत पुसू नये असे सांगितले.

तक्ता आणणाऱ्या विद्यार्थ्याचे समाधान झाले नाही. त्याने पाने प्रत्यक्ष वाटून पाहण्याचा आग्रह धरला. आग्रह रास्त होता.

सोमवार, ९ डिसेंबर २०२४

शनिवारी आणि रविवारी त्या विद्यार्थ्याच्या घरी ओसरीवर बसून चौघांनी पाने वाटली. कॅट पिसायचा, वरून दोन दोन पाने उचलत २६ हात मांडायचे, त्यांतल्या जोड्या वहीत लिहायच्या आणि पुन्हा पिसायचा, अशी पद्धत ठरली. एका कॅटमधले २६ हात एकमेकांपासून स्वतंत्र नसतात हे खरे, तरी त्यांतल्या जोड्यांची सरासरी बिघडत नाही. वीस वेळा वाटणी झाली, म्हणजे ५२० हात. सतरातून एक हे खरे असेल तर साधारण ३१ जोड्या यायला हव्या होत्या आणि तेरातून एक खरे असेल तर ४०.

आल्या ४१.

तो विद्यार्थी आनंदात होता. मुरूडची विद्यार्थिनी मात्र शांतपणे वही मागून घेऊन बसली.

मंगळवार, १० डिसेंबर २०२४

वहीत प्रत्येक वाटणीची नोंद वेगळी ठेवली होती, म्हणून बरे झाले. नुसती एकूण बेरीज लिहिली असती तर आजचा शोध लागला नसता. पहिल्या चार वाटण्यांत अनुक्रमे ७, ५, ३ आणि ३ जोड्या होत्या, म्हणजे एकूण १८. उरलेल्या सोळा वाटण्यांत मिळून २३. सतरातून एक या हिशेबाने एका कॅटमध्ये सरासरी दीड जोडी यायला हवी. सोळा वाटण्यांना २४ ते २५. म्हणजे गडबड होती ती सुरुवातीच्या चार वाटण्यांतच.

मी विचारले की त्याआधी या कॅटने कोण खेळत होते. उत्तर आले की धाकटी भावंडे सकाळपासून गुलामचोर खेळत होती.

गुलामचोरात जोडी जुळली की ती दोन पाने एकत्र खाली टाकायची असतात. डाव संपल्यावर मुलांनी ढीग तसाच उचलला आणि बाजूला काढलेला गुलाम त्यात घातला. म्हणजे कॅटमध्ये सत्तीवर सत्ती, राणीवर राणी अशी पाने जोडीजोडीनेच रचलेली होती. वर पिसण्याची पद्धतही आपल्या घराघरांतली. कॅट एका हातात धरून दुसऱ्या हाताने मधले गठ्ठे उपसायचे आणि वर टाकायचे. त्यात गठ्ठे जागा बदलतात, पण गठ्ठ्याच्या आतली शेजारची पाने शेजारीच राहतात. आम्ही ते टेबलावर करून पाहिले. बारा जोड्या मुद्दाम एकावर एक रचल्या, त्या विद्यार्थ्याने नेहमीच्या सवयीने आठ-दहा वेळा पिसले आणि पाने उलटी करून पसरली, तर नव्वी-नव्वी, दुर्री-दुर्री, पंजी-पंजी अशा निम्म्याहून अधिक जोड्या तशाच लागून बसलेल्या दिसल्या. मग सगळ्याच जोड्या वाटणीत का आल्या नाहीत, असे एकाने विचारले. गठ्ठ्यात विषम पाने आली की त्याखालची सगळी रचना एका पानाने सरकते आणि जोडीतले एक पान आधीच्या हातात, एक पुढच्या हातात जाते, हे त्याचे कारण. हे मुलांनीच शोधले.

डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवले की कॅटचे दोन भाग करून पाने अंगठ्यांनी सोडत एकमेकांत गुंफली, तर ५२ पाने चांगली मिसळण्यासाठी असे सुमारे सात वेळा करावे लागते. गठ्ठे उपसून पिसण्याच्या आपल्या पद्धतीला त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा लागतात. ही गोष्ट मी वाचलेली होती. ती ओसरीवरच्या वहीत अशी उमटलेली मी प्रथमच पाहिली.

शनिवार, १४ डिसेंबर २०२४

कॅट नवा घेतला. दर वाटणीआधी सात वेळा गुंफून पिसायचे असे ठरवून चाळीस वाटण्या केल्या, म्हणजे १०४० हात. सतरातून एक या हिशेबाने ६१ जोड्या अपेक्षित होत्या, तेरातून एक या हिशेबाने ८०. आल्या ५८. एवढ्या हातांत केवळ योगायोगाने सात-आठ जोड्या इकडेतिकडे होणे स्वाभाविक आहे, बावीस होणे फारच कठीण. तक्ता आणणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतः उठून फळ्यावरचे तेरातून एक पुसले.

तरीही त्याचे उत्तर निरर्थक नव्हते, हे त्याला सांगणे मला आवश्यक वाटले. पहिले पान पाहून ते परत कॅटमध्ये घालायचे, पुन्हा पिसायचे आणि मग दुसरे पान काढायचे असा नियम असता, तर दोन्ही पानांची जोडी जुळण्याची संभाव्यता बरोबर तेरातून एकच आली असती. पहिले पान हातात राहते, ते कॅटमध्ये आता नसते, त्याचे जुळे फक्त तीनच उरतात. तेरा आणि सतरा यांतले सगळे अंतर त्या एका पानाचे आहे.

एक्क्याची जोडी हवी तर १३२६ पैकी ६ मार्ग, म्हणजे २२१ हातांतून सरासरी एकदा. किमान एक एक्का तरी येण्याचे मार्ग १९८, म्हणजे जवळजवळ १५ टक्के. दोन्ही पाने एकाच रंगाची येण्याची संभाव्यता साडेतेवीस टक्के. एक्का-राजा, रंग कोणतेही, १६ मार्गांनी येतात, म्हणून ते एक्क्याच्या जोडीपेक्षा जवळपास पावणेतीन पट वेळा दिसतात.

मंगळवार, १७ डिसेंबर २०२४

मुरूडच्या विद्यार्थिनीचे वडील आज भेटायला आले. दारातच उभे राहून म्हणाले, "सर, तुम्ही लेकरांला पत्ते शिकवायलाव म्हणे." त्यांच्या बोलण्यात राग कमी आणि काळजी जास्त होती. त्यांच्या गावात तिरटाच्या, म्हणजे पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या तीन पत्तीच्या, नादाने दोन घरांची जमीन गेली आहे, हे त्यांनी सांगितले. मी त्यांना खुर्ची दिली, वही दाखवली, पैशाचा संबंध कुठेच नाही हे सांगितले. ते म्हणाले की वही समजत नाही, पण पोरगी समजावून सांगेल तेव्हा बघू. मुलगी प्रकल्पात राहिली. त्यांची शंका चुकीची होती असे मला वाटत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत तिरटाच्या अड्ड्यांवरील छाप्यांच्या बातम्या नेहमी येतात.

मंगळवार, ३१ डिसेंबर २०२४

काल येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, होती. एका विद्यार्थ्याच्या शेतावर आम्हा सर्वांना बोलावणे होते. कडब्याच्या खोपीपुढे पूजा झाली, भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील असे जेवण झाले आणि दुपारी आंब्याखाली म्हातारी मंडळी पत्ते घेऊन बसली. पैसे नव्हते, चिंचोके होते. खेळ तिरट, म्हणजे तीन पत्ती.

विद्यार्थ्याच्या आजोबांनी, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, पोरांना समजावून सांगितले की ट्रेल सगळ्यांत मोठी, कारण ती सगळ्यांत कमी येते. "चाळीस वर्सं झाली खेळायलो, बोटावर मोजण्याइतक्याच ट्रेल बघितल्या." मुलांनी तिथेच, ज्वारीच्या धांड्याने मातीत आकडे काढत हिशेब मांडला. ५२ पानांतून तीन निवडण्याचे मार्ग २२,१००. ट्रेल म्हणजे तिन्ही पाने सारखी. चार एक्क्यांतून तीन निवडण्याचे मार्ग चार, असे तेरा वेळा, म्हणजे ५२. प्युअर सिक्वेन्स म्हणजे एकाच रंगाची तीन लागोपाठ पाने. एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत अशा बारा रांगा, रंग चार, म्हणजे ४८. प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा चार मार्गांनी अधिक दुर्मीळ आहे आणि तरीही तिरटाच्या नियमात ती ट्रेलखाली बसते.

तात्यांनी आकडे दोनदा मोजायला लावले. मग म्हणाले, "मग नेम उलटा का ठेवला?" या प्रश्नाचे उत्तर गणितात नाही, नियम हा माणसांनी ठरवलेला असतो आणि तो मोजणीशी जुळलाच पाहिजे असे नाही. बाकी क्रम मात्र मोजणीशी जुळतो. साधी सिक्वेन्स, म्हणजे लागोपाठ पण सगळी एकाच रंगाची नसलेली पाने, ७२० मार्गांनी येते, कलर, म्हणजे लागोपाठ नसलेली पण एकाच रंगाची पाने, १०९६ मार्गांनी, जोडी ३७४४ मार्गांनी, आणि १६,४४० मार्गांनी, म्हणजे शंभरातून चौऱ्याहत्तर वेळा, हाती काहीच लागत नाही. पोकरच्या पाच पानांत कलर सिक्वेन्सच्या वर असतो आणि तिरटात सिक्वेन्स कलरच्या वर, याचेही कारण इथेच सापडले. पाच पानांत कलरचे मार्ग ५१०८ आणि साध्या सिक्वेन्सचे १०,२००. तीन पानांत हे प्रमाण उलटे होते. पानांची संख्या बदलली की दुर्मीळपणाचा क्रमही बदलतो, ही गोष्ट मुलांना कुठल्याही पाठापेक्षा त्या आंब्याखाली चांगली कळली.

गुरुवार, ९ जानेवारी २०२५

आता दुसरा प्रश्न : हाती आलेली पाने किती वेळा जिंकतात?

एक्क्याची जोडी आपल्या हातात धरली, तर समोरच्याच्या दोन पानांचे मार्ग १२२५ आणि त्या प्रत्येकासाठी मधल्या पाच पानांचे मार्ग १७,१२,३०४. गुणाकार २०९ कोटी ७५ लाख ७२ हजार ४००. महाविद्यालयातल्या संगणकावर मुलांच्या पायथन प्रोग्रॅमने हे सगळे डाव मोजायला फार वेळ लागला असता, म्हणून प्रत्येक हातासाठी यादृच्छिक १० लाख डाव खेळवले आणि बरोबरीचा डाव अर्धा धरला. इतक्या डावांत उत्तर साधारण एक दशांश टक्क्याच्या आत स्थिरावते.

एका अनोळखी प्रतिस्पर्ध्याविरुद्ध एक्क्याची जोडी ८५ टक्के डाव जिंकते. राजाची जोडी ८२, राणीची ८०. एकरंगी एक्का-राजा ६७ टक्के आणि भिन्नरंगी एक्का-राजा ६५. ज्या एकरंगीपणाला खेळणारे एवढे महत्त्व देतात, त्याचा फायदा दोन टक्क्यांच्या आसपासच आहे, हे पाहून मुले चकित झाली. एकरंगी दोन पाने असताना मधल्या पहिल्या तीन पानांतच कलर पूर्ण होण्याचे मार्ग १९,६०० पैकी केवळ १६५ आहेत, म्हणजे शंभरातून एकदासुद्धा नाही. दुर्रीची जोडी ५० टक्क्यांच्या किंचित वर, आणि सर्वांत तळाला भिन्नरंगी तिर्री-दुर्री, ३२ टक्के.

या तळाच्या आकड्यावर आम्ही बराच वेळ थांबलो. सर्वांत वाईट हातही तीन डावांतून जवळजवळ एक डाव जिंकतो, आणि सर्वांत चांगला हात सात डावांतून एक डाव हरतो. शेवटच्या बाकावरच्या विद्यार्थ्याने हा आकडा आपल्या भावाला फोन करून सांगितला. भावाला तो पटला नाही, असे त्याने मला उद्या सांगायला नको म्हणून आजच सांगितले.

गुरुवार, १६ जानेवारी २०२५

भावाचे म्हणणे होते की टेबलावर दोघेच नसतात. ते योग्यच आहे. प्रतिस्पर्धी वाढवत नेले, सगळे शेवटपर्यंत डावात राहतात असे धरले, तर एक्क्याच्या जोडीचे ८५ टक्के तीन जणांविरुद्ध ६४ होतात, पाच जणांविरुद्ध ४९, आणि नऊ जणांविरुद्ध ३१. दहांच्या टेबलावर प्रत्येकाचा समान वाटा १० टक्के, त्यामुळे ३१ हा अजूनही तिप्पट वाटा आहे. पण तीनांपैकी दोन डाव हातचे जातात. "डाव आपलाच" या वाक्याचे उत्तर आता आकड्यांत देता येते.

मग मुलांना हातांची एक शिडी तयार करायची होती, पहिल्या क्रमांकापासून १६९ व्या क्रमांकापर्यंत, म्हणजे वरचा हात खालच्याला नेहमी भारी. मी तीन हात सुचवले आणि त्यांची आपसांत लढत लावायला सांगितली. दुर्रीची जोडी भिन्नरंगी एक्का-राजाविरुद्ध थोडी सरस ठरते, कारण ती आधीच जोडी आहे आणि समोरच्याला अजून जुळवायचे आहे. एक्का-राजा एकरंगी गुलाम-दश्शीविरुद्ध सुमारे ५९ टक्के डाव जिंकतात. आणि एकरंगी गुलाम-दश्शी दुर्रीच्या जोडीविरुद्ध पन्नासाच्या वर राहतात, कारण त्यांना मोठी जोडी, सिक्वेन्स आणि कलर अशा तिन्ही वाटा मोकळ्या असतात आणि मधल्या पानांवर दोन जोड्या पडल्या तर दुर्रीची जोडी निकामी होते. पहिला दुसऱ्याला भारी, दुसरा तिसऱ्याला, आणि तिसरा पहिल्याला. दगड, कागद, कात्रीसारखे. शिडी तयारच होत नाही. अनोळखी हाताविरुद्धची सरासरी काढता येते, पण सरासरीत वर असलेला हात समोरासमोर जिंकेलच असे नाही. एका विद्यार्थ्याने प्रोग्रॅममध्ये चूक असेल म्हणून तो दोनदा तपासला. चूक नव्हती.

आज आणखी एक मोजणी केली. आपल्या हातात राजाची जोडी आहे आणि समोर नऊ जण आहेत, तर त्यांच्यापैकी कुणाकडे तरी एक्क्याची जोडी असण्याची संभाव्यता ४.४ टक्के, म्हणजे तेवीस वेळांतून एकदा. पण आपल्या हातात एक्का आणि राजा असे एकेक पान असेल, तर एक्क्याच्या जोडीचे सहा मार्ग तीनवर येतात, राजाच्या जोडीचेही तीनवर, आणि एक्का-राजाचे सोळा मार्ग नऊवर. हातातली पाने समोरच्याचे मार्ग अडवतात. तेरा आणि सतरामधले अंतरही अशाच एका हातातल्या पानाने घडवले होते, हे तक्ता आणणाऱ्या विद्यार्थ्याने न विचारता सांगितले.

बुधवार, २२ जानेवारी २०२५

प्रकल्पाचा तक्ता आज भिंतीवर लागला. १३ बाय १३ चा जुना तक्ता लावायचा नाही, हे त्याच्या कर्त्यानेच ठरवले. १३२६ म्हणजे २६ गुणिले ५१, म्हणून ५१ सेंटिमीटर लांब आणि २६ सेंटिमीटर उंच असा आलेख कागद चिकटवून तयार केला. एक सेंटिमीटरचा एक चौकोन म्हणजे एक मार्ग. भिन्नरंगी हातांचे ९३६ चौकोन पिवळे, एकरंगी हातांचे ३१२ निळे, जोड्यांचे ७८ हिरवे, आणि त्या हिरव्यांतले एक्क्याच्या जोडीचे सहा लाल. रंगवायला तीन संध्याकाळी लागल्या. लांबून पाहिले तर कागद पिवळाच दिसतो, एका कडेला निळा पट्टा आणि त्याला लागून हिरवी किनार. शेवटच्या बाकावरून लाल रंग ओळखू येत नाही.

दुपारी मुरूडच्या विद्यार्थिनीचे वडील आले होते. तिनेच बोलावले होते. ते कागदापुढे बराच वेळ उभे राहिले आणि मग विचारले, "ती एक्क्याची जोडी म्हणतीस ती कुठाय?"

तिने लाल चौकोनांवर अंगठा ठेवला. सगळे सहा त्याखाली झाकले गेले.

"आन् बाकीचं?"

"बाकीचे तेराशे वीस, अण्णा."